मीटरचं रीडिंग वजा करता येतं ना? मग बारावीचं इंटिग्रेशनही जमेल

बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचा दुसरा भाग उघडला की थोड्याच पानांनी एक उंच, वाकडी खूण दिसते: ∫. ती दिसली की आपल्याकडची बरीच मुलं पुस्तक मिटतात. काही तर त्याच्या एक वर्ष आधीच मिटवून बसलेली असतात. दहावीला गणितात सत्तर-ऐंशी मार्क घेतलेली मुलगी अकरावीच्या अॅडमिशनला सांगते, "मॅथ्स नको, बायो घेते." जिला खरंच डॉक्टर किंवा नर्स व्हायचंय तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण फक्त त्या खुणेची धास्ती म्हणून गणित सोडलं तर सीईटीचा गणिताचा गट गेला, आणि त्याबरोबर इंजिनिअरिंगची नेहमीची वाटही गेली. कर्जत तालुक्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. घरापासून लोकलच्या दोन-चार स्टेशनांवर असलेलं कॉलेज एका खुणेमुळे परकं होतं, हे मला पटत नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण दुहेरी असते. दहावीपर्यंत 'रक़बा', 'मुस्ततील', 'मन्फी' असे शब्द तोंडात बसलेले असतात आणि अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत येतं. गणित तेच असतं, फक्त कपडे बदललेले. म्हणून हा लेख मराठीत, आणि जिथे उपयोग होईल तिथे उर्दू शब्दासह. इंटिग्रेशनला मराठीत समाकलन किंवा संकलन म्हणतात, उर्दूत इंटिग्रलला तकम्मुल. संकलन म्हणजे गोळा करणं, तकम्मुल म्हणजे पूर्ण होणं. दोन्ही शब्द मिळून अर्थ जवळजवळ सांगून टाकतात: तुकडे गोळा करायचे आणि पूर्ण रक्कम काढायची. ती खूणही दुसरं काही नाही. जर्मन गणिती लायबनिझने १६७५ साली बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर उभं ताणून लिहिलं, तीच ही खूण. म्हणजे पानावर ∫ दिसलं की मनात 'बेरीज कर' असं वाचायचं.

आता उदाहरण. ते आपल्या गावातलंच घेऊ.

भिवपुरीचं वीजघर कर्जत-खालापूरकडच्या सगळ्यांना माहीत आहे. १९२२ साली आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीने ते सुरू केलं. त्याआधी १९१५ ला खोपोलीचं झालं होतं, नंतर १९२७ ला भिऱ्याचं. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी घाटाच्या कड्यावरून पाइपांतून साधारण पाचशे मीटर खाली येतं, चाकं फिरवतं आणि वीज तयार होते. या वीजघराची ताकद ७५ मेगावॅटच्या आसपास आहे. पाण्याच्या विजेचा मोठा फायदा असा की झडप उघडली की ती लगेच वाढवता येते, म्हणून संध्याकाळी मुंबईत दिवे-पंखे-एसी एकदम सुरू होतात तेव्हा ती कामाला येते.

समजा, हिवाळ्यातली एक संध्याकाळ आहे. सहाच्या सुमाराला मगरिब झाली, दिवे लागले. तेव्हा वीजघर २० मेगावॅट देतंय. मागणी चढत जाते, आठ वाजता ३२ मेगावॅटला पोहोचते, मग उतरत रात्री दहाला पुन्हा २० वर येते. (हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत, वीजघराच्या नोंदवहीतले नाहीत.) सहा वाजल्यापासून किती तास झाले त्याला क्ष म्हणू. बारावीच्या पुस्तकात तिथे एक्स असतो. आपल्या आईवडिलांच्या काळच्या मराठी पुस्तकांत क्ष असायचा, आपण तोच ठेवू. त्या वेळची वीज अशी लिहिता येते:

व(क्ष) = २० + १२क्ष − ३क्ष²

पटतं का ते आधी बघा. क्ष = ० ला २०. क्ष = २ ला २० + २४ − १२ = ३२. क्ष = ४ ला २० + ४८ − ४८ = २०. बरोबर. समोर कुठलंही सूत्र आलं की त्यात दोन-तीन किमती टाकून ते काय बोलतंय ते ऐकायचं. ही सवय मुलांना लागत नाही. थेट सूत्र लावायची घाई असते.

प्रश्न असा: सहा ते दहा या चार तासांत एकूण किती युनिट वीज तयार झाली?

युनिट म्हणजे काय हे लाइट बिलामुळे घराघरात माहीत आहे. एक किलोवॅटचा हीटर एक तास चालला तर एक युनिट. मेगावॅट हा किलोवॅटच्या हजारपट, म्हणून एक मेगावॅट एक तास चालला तर हजार युनिट. वीज चारही तास २० मेगावॅटच राहिली असती तर २० गुणिले ४, म्हणजे ८० मेगावॅट-तास, झालं काम. आलेखावर तो एक आयत आहे, उर्दूतला मुस्ततील: रुंदी ४, उंची २०, रक़बा ८०. अडचण इतकीच की आपल्या आयताचा वरचा काठ सरळ नाही, कमानीसारखा आहे.

मग कमानीचे तुकडे करू. एकेका तासाचा एकेक पट्टा घ्यायचा, आणि त्या तासाच्या सुरुवातीला जी वीज होती तीच तासभर राहिली असं धरायचं. सहाला २०, सातला २९, आठला ३२, नऊला २९. बेरीज ११०. हे अंदाजे उत्तर. आता अर्ध्या अर्ध्या तासाचे आठ पट्टे घ्या: २०, २५.२५, २९, ३१.२५, ३२, ३१.२५, २९, २५.२५. बेरीज २२३, पण प्रत्येक पट्टा अर्ध्या तासाचा म्हणून निम्मी, १११.५. पाव तासाचे सोळा पट्टे केले तर १११.८७५ येतं. वहीत करून बघा, कॅल्क्युलेटर चालेल. ११०, मग १११.५, मग १११.८७५. पट्टे बारीक होतायत तसं उत्तर एका आकड्याकडे सरकतंय, आणि तो आकडा ११२ असावा असं वाटायला लागतं. चूक आधी २, मग ०.५, मग ०.१२५, दर वेळी चौथाई.

डेफिनिट इंटिग्रल हाच तो आकडा. पट्टे इतके बारीक करायचे की चूक उरतच नाही. लिहिताना शेवटी जे 'डीक्ष' येतं ते त्या अतिबारीक पट्ट्याची रुंदी. व(क्ष) ही उंची. उंची गुणिले रुंदी हा एका पट्ट्याचा रक़बा, आणि ∫ म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. खुणेच्या खाली ० आणि वर ४ लिहितात, कुठून कुठपर्यंत ते सांगायला. बोलताना: शून्यापासून चारपर्यंत, व(क्ष) डीक्ष.

पण दर वेळी हजार पट्टे कोण मोजत बसणार? इथे मीटर मदतीला येतो.

घराच्या मीटरकडे बघा. तो कधी शून्यावर आणत नाहीत, वर्षानुवर्षं आकडा वाढतच जातो. बिलावर दोन आकडे छापलेले असतात, चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. पहिल्यातून दुसरा वजा केला की महिन्याचे युनिट. महिन्याभरात फ्रिज कधी चालू झाला, पंखा किती वाजता बंद केला, याची कुणी टिपणी ठेवत नाही. सगळे बारीक पट्टे मीटरने आपले आपण जमा करून ठेवलेले असतात.

म्हणजे आपल्याला वीजघरासाठी असा मीटर हवा, ज्याचा आकडा वाढण्याचा वेग प्रत्येक क्षणी बरोबर व(क्ष) इतका आहे. वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, ते तुम्ही आधीच्या प्रकरणात शिकून आलात. तर प्रश्न उलटा झाला: कशाचं डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर २० + १२क्ष − ३क्ष² येईल? यालाच अँटिडेरिव्हेटिव्ह म्हणतात. आपण त्याला म(क्ष) म्हणू, म मीटरचा.

नियम एकच. क्ष च्या घातात एक मिळवा आणि त्या नव्या घाताने भागा. एकेक पद घेऊ.

२० च्या मागे क्ष नाही, म्हणजे घात शून्य. एक मिळवला की क्ष, एकने भागलं: २०क्ष.

१२क्ष चा घात एक. एक मिळवून दोन, दोनने भागलं: ६क्ष².

−३क्ष² चा घात दोन. एक मिळवून तीन, तीनने भागलं: −क्ष³.

म(क्ष) = २०क्ष + ६क्ष² − क्ष³

लगेच उलटं डेरिव्हेटिव्ह घेऊन तपासा: २० + १२क्ष − ३क्ष². जुळलं. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि परीक्षेत पुढच्या सगळ्या पायऱ्या याच ओळीवर उभ्या असतात.

आता रीडिंग घ्यायचं. दहा वाजता, क्ष = ४:

म(४) = ८० + ९६ − ६४ = ११२

सहा वाजता, क्ष = ०:

म(०) = ०

११२ − ० = ११२. पट्टे जिकडे सरकत होते तोच आकडा. ११२ मेगावॅट-तास, म्हणजे एक लाख बारा हजार युनिट.

उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वीज कधी २० च्या खाली गेली नाही, ३२ च्या वर गेली नाही. म्हणून चार तासांचं उत्तर ८० आणि १२८ च्या मधेच असलं पाहिजे. ११२ बसतं. कुणाचं २४० आलं असेल तर बेरीज-वजाबाकीत गडबड आहे, ती शोधायला सूत्र लागत नाही.

सीमा शून्यापासून सुरू झाली की मुलं सुटतात, कारण खालचं रीडिंग आपोआप शून्य येतं. तीच सवय मग गळ्याशी येते. समजा विचारलं, सात ते नऊ या दोन तासांत किती? आता खालची सीमा १ आणि वरची ३.

म(३) = ६० + ५४ − २७ = ८७

म(१) = २० + ६ − १ = २५

८७ − २५ = ६२

कितीतरी पेपरांत ८७ लिहून पेन ठेवलेलं असतं. त्यांना एवढंच विचारायचं, मागचं रीडिंग वजा न करता बिल आलं तर भराल का? आणि पुन्हा अंदाज: त्या दोन तासांत वीज २९ ते ३२ च्या मधे होती, म्हणजे उत्तर ५८ ते ६४ च्या आत. ८७ शक्यच नाही.

याच मीटरमुळे आणखी एक शंका मिटते. इनडेफिनिट इंटिग्रलमध्ये शेवटी '+ सी' लिहायला सांगतात, विसरलं तर मार्क जातो. मग डेफिनिटमध्ये तो सी कुठे गेला? दोन घरांचे मीटर घ्या. एकाचं रीडिंग ३०० पासून सुरू, दुसऱ्याचं ९,००० पासून. दोघांनी सारखी वीज वापरली तर बिल सारखंच येतं, कारण सुरुवातीचा आकडा दोन्ही रीडिंगमध्ये असतो आणि वजाबाकीत उडतो. तो सुरुवातीचा आकडा म्हणजे सी.

मार्क सर्वात जास्त जातात ते मात्र मन्फी चिन्हात. हे बघा: −१ पासून २ पर्यंत, (३क्ष² − २क्ष) डीक्ष. नियमाने म(क्ष) = क्ष³ − क्ष². वरचं रीडिंग ८ − ४ = ४. खालचं (−१)³ − (−१)² = −१ − १ = −२. उत्तर ४ − (−२) = ६. इथे हमखास ४ − २ = २ लिहिलं जातं. इलाज साधा आहे: खालचं रीडिंग नेहमी कंसात लिहायचं, ते शून्य असलं तरी. दोन रीडिंग दोन वेगळ्या ओळींवर, आणि वजाबाकी तिसऱ्या ओळीवर. पेपर तपासणाऱ्यालाही पायऱ्या दिसतात, शेवटी आकडा चुकला तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात.

इंटिग्रलचं उत्तर स्वतःच मन्फी किंवा शून्यही येऊ शकतं. याचंही उदाहरण भिवपुरीतच मिळतं. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी पंप्ड स्टोरेजच्या दोन प्रकल्पांचा करार केला. त्यातला एक १,००० मेगावॅटचा भिवपुरीचा, दुसरा १,८०० मेगावॅटचा पुणे जिल्ह्यातल्या शिरवत्याचा. पंप्ड स्टोरेज म्हणजे वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. पाणी चढवताना वीजघर वीज देत नाही, घेतं. आलेख रेषेच्या खाली जातो आणि मीटर उलटा फिरतो असं समजा.

आकडे सोपे ठेवू: क्ष² − २क्ष, शून्यापासून तीनपर्यंत. पहिले दोन तास किंमत मन्फी आहे (क्ष = १ ला −१), तिसऱ्या तासात मुस्बत. म(क्ष) = क्ष³/३ − क्ष². म(३) = ९ − ९ = ०, म(०) = ०. उत्तर शून्य! म्हणजे काहीच झालं नाही का? झालं. म(२) = ८/३ − ४ = −४/३, म्हणजे दोन तासांत ४/३ वीज घेतली, आणि तिसऱ्या तासात तेवढीच परत दिली. (खऱ्या यंत्रात घेतलेली सगळी वीज परत मिळत नाही, काही वाटेत जाते.) म्हणून प्रश्न नीट वाचा. 'किंमत काढा' म्हटलं तर उत्तर ०. 'क्षेत्रफळ काढा' म्हटलं तर आलेख रेषेला कुठे छेदतो ते आधी शोधायचं, तुकडे वेगळे करायचे आणि चिन्ह टाकून मिळवायचे: ४/३ + ४/३ = ८/३. पुस्तकात या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत आहेत, म्हणून मुलं त्या जोडत नाहीत.

आपल्या एक लाख बारा हजार युनिटांकडे परत येऊ, कारण त्यांच्या मागे पाणी आहे. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आलं तर हिशेबाने सुमारे १.३६ युनिट मिळतात. यंत्रातला तोटा धरला की एका युनिटला आठशे-नऊशे लिटर पाणी लागतं असं समजा. मग त्या एका संध्याकाळी वीजघरातून साडेनऊ कोटी लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडलं. ते वाया जात नाही. वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतो. पाणी सुटलं नाही की शेतकऱ्याला किती पाणी आलं आणि किती यायला हवं होतं हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तरही इंटिग्रलच आहे, फक्त मेगावॅटऐवजी दर तासाला वाहणारं पाणी घ्यायचं.

आता थोडं आपल्या इतिहासाबद्दल, कारण 'कॅल्क्युलस मुसलमानांनीच शोधलं' असे मेसेज फिरत असतात. असं लिहू नये. आजचा सर्वसाधारण नियम सतराव्या शतकात न्यूटन आणि लायबनिझ यांच्याकडून आला. पण तुकडे करून बेरीज करायची कल्पना खूप जुनी आहे. ग्रीक आर्किमिडीजने पॅराबोलाचा रक़बा काढला होता. दहाव्या शतकात बग़दादच्या इब्राहीम इब्न सिनानने त्याची सुटसुटीत सिद्धता दिली. चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने अनंत बेरजा हाताळल्या. आपली संध्याकाळची कमान पॅराबोलाच आहे. २० च्या वरचा तिचा भाग ११२ − ८० = ३२. तिच्याभोवतीचा आयत ४ गुणिले १२, म्हणजे ४८. ३२ हे ४८ चे बरोबर दोन तृतीयांश, जे त्या लोकांनी इंटिग्रेशनच्या नियमाशिवाय सिद्ध केलं होतं.

आणि इब्न अल-हैसम. जन्म ९६५ च्या सुमाराचा बसऱ्याचा, इंतिक़ाल १०४० च्या सुमाराला काहिरात. प्रकाशशास्त्रावरच्या किताब अल-मनाज़िरमुळे जगाला माहीत. नाईलचं पाणी आवरण्याची योजना घेऊन ते इजिप्तला गेले आणि जागा बघितल्यावर ते जमणारं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, असं जुन्या चरित्रांत सांगितलेलं आहे. त्यांनी पॅराबोला त्याच्या पायाभोवती फिरवल्यावर बनणाऱ्या, लिंबासारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या घनाचं आकारमान काढलं. त्यासाठी त्यांना १, २, ३ अशा संख्यांच्या चौथ्या घातांची बेरीज शोधावी लागली. उत्तर आलं: भोवतीच्या सिलिंडरच्या आठ पंधरांश. आज ते तुम्ही तीन ओळींत करू शकता. शून्यापासून एकपर्यंत, (१ − क्ष²)² डीक्ष. कंस सोडवा:

१ − २क्ष² + क्ष⁴

म(क्ष) = क्ष − २क्ष³/३ + क्ष⁵/५

म(१) − म(०) = (१ − २/३ + १/५) − (०) = १५/१५ − १०/१५ + ३/१५ = ८/१५

चौथा घात इथेही आला, बघा. त्यांना त्याच्यासाठी पानं भरावी लागली.

घरी करायला दोन देते. पहिलं, १ पासून ३ पर्यंत (३क्ष² − ४क्ष + २) डीक्ष. उत्तर १४. दुसरं, −२ पासून १ पर्यंत (४ − क्ष²) डीक्ष. उत्तर ९. दुसऱ्यात उत्तर −५/३ आलं तर खालच्या रीडिंगचा कंस राहिला असं समजा. आणि ते चुकलंय हे उत्तर न बघताही कळायला हवं, कारण −२ ते १ मध्ये ४ − क्ष² कुठेच शून्याच्या खाली जात नाही.